उंबरावरचा सुधारलेला पोपट

फार जुन्या काळी एक कासव लहान जनावरांना पाठीवर बसवून नदीपार नेत असे. काठावर लव्हाळी इतकी माजली होती की पाणीच दिसत नसे. म्हणून उंबरावरचा पोपट कासव कुठवर आलंय ते ओरडून सांगायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो नीट करायचा.

मग जंगलाचा कारभार बघणाऱ्या कोल्ह्यांनी पोपट सुधारायला घेतला.

एके दिवशी खारूताई तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन धापा टाकत आली. पलीकडे साळिंदर वैद्य राहत होते.

"पोपटराव, कासव कुठंय?"

पोपटाने स्वागतगीत सुरू केलं.

"गाणं राहू द्या हो. कासव कुठंय तेवढं सांगा."

"आधी नाव सांगा, ताई."

तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्याचे नवे रंगवलेले पंखही बघितले. तेव्हा पोपट म्हणाला, "कासव आत्ताच गेलं. आमची सेवा कशी वाटली?"

पिल्लाला पोटाशी धरून ती तडक थोरल्या कोल्ह्याकडे गेली. "तुम्ही कधी त्या काठावर कासवाची वाट बघितलीय का?"

"आम्ही कशाला बघू? आम्ही हत्तीवरून जातो," कोल्हा म्हणाला. "पण तुमचं म्हणणं पटलं. उद्यापासून तक्रारी ऐकायला दुसरा पोपट बसवतो. तो याच्याहून गोड गातो."