घंटेचा आरसा

“घंटा कुठनं असणार? त्या तांबटानेच तर...” नळवडीच्या टेकडीवर पाहुणे आले की कुणीतरी एवढं बोलतंच, आणि गुरवबुवा येताना दिसले की गप्प होतं.

तिथल्या गणपतीच्या देवळात साखळीला नुसता लोलक लोंबतो, घंटा नाही. माणसं टाळी वाजवून आत जातात. ओसरीवर पितळी नळीची जुनी दुर्बीण आहे. तिची हकिगत अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी भागोजी तांबट इथे हंडे-घागरी घडवायचा. त्याची आई साळूबाई. संकष्टीचा चंद्र स्वतः पाहिल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम. पुढे डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आला, चंद्र दिसेना. शेजारणी म्हणायच्या, उगवलाय हो, जेवा आता. तर म्हणे, “तुम्ही पाहिलात, तुम्ही जेवा.” शुद्ध हरपली की शेजारणींनी तोंडात पेज घालायची, असं चाललेलं. म्हातारीचं चिपाड झालं.

भागोजीने एकदा कुणा साहेबाच्या दुर्बिणीची चेपलेली नळी ठोकून दिली होती. तिच्या तळाशी खोलगट आरसा होता, तो त्याच्या ध्यानात राहिलेला. त्याने तसा तांब्याचा केला, महिनाभर घासला, पितळी नळीत बसवला. आईने पाहिलं. “हा चंद्र नव्हे रे, तुझ्या घागरीचं बूड.”

आरसा पांढरा हवा तर घंटेचं कासं हवं, वर आणखी कथील. एवढं कासं गावात एकाच ठिकाणी होतं. भागोजी देवळात जाऊन नुसता बसायचा म्हणे, मागायला जीभ रेटेना. तेव्हाच्या गुरवाने तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी शिडी लावून स्वतःच घंटा उतरवली. लोलक तेवढा ठेवला. म्हणाला, “म्हातारी उपाशी, आणि देव जेवेल होय?”

भागोजीने आरसा ओतला आणि हाताच्या सवयीने, तांब्यासारखा, गरम असतानाच पाण्यात बुडवला. टणकन तडकला. घंटाही गेली नि चंद्रही, असं गाव बोलू लागलं. त्याने तेच तुकडे पुन्हा वितळवले, आणि या खेपेला आरसा भाताच्या तुसात पुरून आठ दिवस हात लावला नाही. मग घासून नळीत बसवला.

संकष्टीला साळूबाईने नळीला डोळा लावला. मग म्हणाली, “अगं बाई, याला तर देवी येऊन गेल्यात.” आणि ताट मागितलं.

तेव्हा तांबटाने घंटा वितळवली हे खरं. चोरली, हे तेवढं लोकांनी जोडलेलं.

आजही संकष्टीला दुर्बिणीला पहिला डोळा गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. तिला चंद्राचे वण दिसले की ओसरीवर टाळ्या वाजतात, आणि त्या ऐकून खाली घरोघरी पानं वाढतात.