रिकाम्या बाकांची हातबोशी

"मग हेसेदचा खरा अर्थ कोणता, काका?"

शनिवारची सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. खाडीकाठच्या त्या सिनेगॉगमध्ये माणसं दोनच. प्रार्थना सांगणारे म्हातारे एलोजीकाका आणि त्यांचा शिष्य हनोख. गावातली बाकीची बेने इस्राएल ज्यू घरं कधीच इस्राएलला निघून गेली होती.

हनोख मुंबईहून हिब्रू शिकून आला, तेव्हापासून त्याची मान जरा ताठच असे. आज मात्र तो दोन्ही हात खिशात खुपसून उभा होता.

"तूच सांग. शिकलेला तू."

"शास्त्रातला प्रेमाचा शब्द. कोणी दया म्हणतं, कोणी माया, कोणी निष्ठा. मी म्हणतो, करार. दोघांनी पाळायचा."

"आणि एकानं मोडला तर?"

"तर संपला."

"म्हणजे बापाचं बोलतोयस," काका म्हणाले.

बायकोपोराला टाकून गेलेला हनोखचा बाप मरायला तेवढा घरी परतला होता. वाचा गेलेली. हात मात्र सारखा चादरीबाहेर, उताणा.

"अजून हात पुढे करतो?"

"करतो."

"धरलास?"

"नाही. आतून काही येतच नाही, काका. उगाच धरला तर ते ढोंग होईल... आणि न धरता तिथं बसवतही नाही."

काका उठले. प्रार्थना संपली की एकमेकांच्या हाताला हात लावायचा आणि आपली बोटं ओठांशी न्यायची, ही त्यांच्या समाजातली जुनी रीत, हातबोशी. काकांनी पहिल्या बाकाला हात लावला, बोटं ओठांशी नेली. मग दुसऱ्या बाकाला. मग तिसऱ्या.

"तिथं कोणी नाही, काका."

"माहीत आहे."

"मग... बरं वाटतं का?"

"पूर्वी वाटायचं. आता कित्येक वर्षं काहीसुद्धा वाटत नाही. आत सगळं कोरडं ठणठणीत."

या म्हाताऱ्यापाशी तरी ओलावा असेल, एवढ्याच आशेवर हनोख आला होता.

"मग यात हेसेद कुठे आहे?"

सगळे बाक संपवून काका हनोखसमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

खिशातून हात काढायला हनोखला वेळ लागला. हाताला हात लागला. दोघांनी बोटं ओठांशी नेली.

"घरी जा," काका म्हणाले. "आणि वाटेत हात पुन्हा खिशात घालू नकोस."