शास्त्रीबुवांचं उत्तरापोशन

सरदार मालोजीरावांच्या पंगतीत त्यांच्या आग्रहाला ‘पुरे’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. भार्गवशास्त्र्यांना मात्र वैद्यांनी बजावलं होतं, की गोड सोडलं नाही तर डोळे जातील. आणि खोड अशी, की एक जिलबी पोटात गेली की परात रिकामी झाल्याशिवाय ते थांबत नसत. सरदारांना हे पक्कं ठाऊक होतं.

“आज बुवांचं पथ्य मोडतो,” असं पंगतीला सांगून ते स्वतः परात घेऊन आले. “बुवा, एकच! की माझा अपमान करायचाय?”

केशराचा वास आला आणि शास्त्र्यांचा हात आपोआप पुढे झाला. पण त्याच हातावर त्यांनी पाणी घेतलं, मंत्र म्हटला आणि ते पिऊन टाकलं. उत्तरापोशन झालं. त्यानंतर त्या पानावर घास घ्यायचा नाही, ही रीत सरदारांनाही मोडता येईना.

“अर्ध्या जेवणातून पळालात!” सरदार कडाडले.

“पळालोच. जिलबीपुढे टिकायची ताकद माझ्यात नाही,” शास्त्री म्हणाले. “पण सरदार, एवढ्या फौजेचे धनी तुम्ही, आणि तुमच्या हातून निसटला कोण? एक लठ्ठ, भुकेला म्हातारा!”