दगडाखालची भुई

पुष्कळ पावसाळे झाले या गोष्टीला. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका पाणथळीत भुई नावाची देवगांडूळ राहत होती. बिनपायाची, ओल्या मातीच्या रंगाची, नात्याने बेडकांची चुलत बहीण. पण माणसं तिला सापच समजत. तिच्या आईला त्यांनी सापाच्या भीतीनेच मारलं होतं.

त्या श्रावणात भुई दगडाखाली अंड्यांना वेढा घालून बसली होती. डुरक्या बेडूक धापा टाकत आला.

"दर पावसाळ्यात आम्हाला मोजायला येतात ना, त्या शुभदाबाई आल्यात. ही पाणथळ बुजवायचं चाललंय. त्या सोबत्याला म्हणत होत्या, बेडूक सगळीकडे आहेत, पण इथे देवगांडूळ सापडली तर हे काम थांबवता येईल. तू दिसशील का त्यांना?"

"माझी आईही दिसलीच होती," भुई म्हणाली.

पावलं जवळ आली तसं तिचं डोकं सवयीने चिखलात घुसलं. पण पाणथळच बुजली तर अंडी कुठे नेणार? तिने डोकं पुन्हा बाहेर काढलं.

दगड उचलला गेला. उजेडाने तिचं अंग शहारलं. सोबत्याने काठी उगारली.

"साप आहे बाई, मागे व्हा."

"साप नव्हे रे, देवगांडूळ आहे. अंडी राखत बसलीय," बाई हलकेच म्हणाल्या. त्यांनी वहीत नोंद केली आणि दगड होता तसा अलगद ठेवला.

पाणथळ वाचली. पिल्लं पहिल्यांदा पाण्याकडे निघाली, तेव्हा काठावर बाई बसलेल्या दिसल्या. पिल्लं थबकली.

"जा," भुई म्हणाली, "त्या तुम्हालाच भेटायला आल्यात."