चवळीवरचा मावा

एकदा एका आश्रमात कालिंदी नावाची शिष्या होती. आश्रमाची करडई पिकवण्याचे काम त्या वर्षी प्रथमच तिच्याकडे आले होते. आदल्या हंगामात माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, सारे पीक शोषून टाकले होते; तेलच न निघाल्याने वर्षभर आश्रमाच्या भाजीला फोडणी मिळाली नव्हती. यंदा तसे होऊ द्यायचे नाही, असा तिचा निश्चय होता.

माव्यावर जगणारे ढालकिडे, म्हणजे लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे इवले जीव, तिने रानातून वेचून आणले आणि शेतात सोडले. सकाळी पाहते तो एकही नाही!

आश्रमाच्या वृद्ध गुरू माई हसल्या. "पाहुणे आणलेस, पण त्यांना वाढलेस काय?" करडई अजून कोवळी, स्वच्छ होती; खायला तिच्यावर मावाच नव्हता. माईंनी बांधालगत चवळी पेरून घेतली.

चवळी वाढली आणि माव्याने काळी पडली. कालिंदी तंबाखूचा काढा घेऊन धावली. माईंनी भांडे घेतले आणि काढा सरळ खड्ड्यात ओतला.

"माई, हा मावा उद्या करडईवर जाईल!"

"राहू दे."

कालिंदी मनातून धुमसत राहिली. काही दिवसांनी तिला चवळीवर काळ्या, खरखरीत, चिमुकल्या मगरींसारख्या अळ्या दिसल्या. चिरडायला तिने बोट उचलले, तोच माईंनी मनगट धरले. एक अळी अलगद बोटावर घेऊन त्यांनी ती करडईच्या शेंड्यावर ठेवली.

"आता हेही पोसायचे?" कालिंदीने विचारले.

"अगं, तुझे लाल पाहुणे चवळीवर परतले, त्यांचीच ही लेकरे! चवळीचा मावा करडईला लागत नाही; तो यांचेही अन्न. तुला राखणदार हवेत, पण त्यांचे जेवण नको, कुरूप पोरे नकोत. आडोशाचे गवतसुद्धा तू बांधावरून खरवडून काढलेस. मग त्यांनी राहावे कुठे?"

 त्या दिवसापासून कालिंदीने बांधावर खुरपे चालवले नाही.

थंडी वाढली, करडईवर मावा उतरला. पण या वेळी चवळीतून ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या शेतभर पसरल्या. पाहता पाहता शेंडे मोकळे झाले, आणि सारे रान केशरी फुलांनी पेटले! घाण्यावरून तेल आले त्या दिवशी आश्रमाच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडली, तेव्हा पंगतीतून आनंदाचा गजर उठला.

शेजारचा शेतकरी धावत आला. "ताई, कोणते औषध मारलेत?"

कालिंदीने माईंकडे पाहिले, मग हसून म्हणाली, "मारले काहीच नाही, दादा. जे आले, त्यांना राहू दिले."