अस्वलाचा हरवलेला बर्फ

बालमित्रांनो, हिमालयाच्या पायथ्याशी एका जंगलात एक अस्वल राहत असे. त्याचा जन्म वरच्या बर्फातला, पण मधाच्या लोभाने ते खाली आले आणि इथेच रमले. तरी ऊन तापू लागले, की त्याला आईच्या गुहेपुढचा बर्फ आठवे. त्या बर्फात एकदा लोळायला मिळावे म्हणून त्याचा जीव तळमळे. "एवढं पोळं संपलं की निघतोच," असे ते दरवर्षी म्हणे. पण आळशाला कधी मुहूर्त सापडतो का?

जंगलाच्या कडेला माणसांनी जुने फ्रिज आणून टाकले होते. एके दिवशी कोल्ह्याने त्यातल्या एकाची नळी चावली, तसा फुस्स करून गारेगार वायू बाहेर आला. "अस्वलदादा, मान इकडे करा. बर्फासाठी डोंगर कशाला चढायचा?" कोल्हा म्हणाला. अस्वलाने मान पुढे केली, डोळे मिटले आणि क्षणभर त्याला आपण घरीच आहोत असे वाटले. मग काय, रोज एक नळी फुटू लागली आणि घरी जायचे राहूनच गेले.

थंडीच्या सुरुवातीला डोंगर ओलांडून एक हंसीण तळ्यावर उतरली. अस्वलाने आशेने विचारले, "ताई, आमच्या गुहेपुढे यंदा बर्फ किती?"

फुटक्या फ्रिजांकडे पाहत ती म्हणाली, "दादा, हा वायू असा विरून जात नाही. तो वर जाऊन गोधडीसारखा पसरतो आणि खालची उष्णता कोंडून धरतो. वाटेत गावोगावी मी असेच फ्रिज फुटलेले पाहिले. तुमचा बर्फ दरवर्षी आटतोय."

"एवढ्याशा फुंकरीने?" कोल्हा हसला.

"थेंबे थेंबे तळे साचे, हे तुला ठाऊक नाही का?" हंसीण म्हणाली.

अस्वल त्याच पावली निघाले. धापा टाकत ते गुहेपाशी पोहोचले, तेव्हा तिथे नुसते दगडगोटे होते. म्हातारी आई दाराशी बसली होती. "आलास बाळा?" ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापर्यंत थोडा उरला होता रे. तू येशील म्हणून मी त्यावर कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही." नळ्यांची गोष्ट अस्वलाच्या ओठांवर आली, पण त्याला ती सांगवेना. ते आईशेजारी त्या कोरड्या दगडांवर बसून राहिले.

तात्पर्य : घटकाभराच्या गारव्यासाठी हवेत सोडलेला वायू आपल्याच घरचा हिवाळा हिरावून नेतो.