ट्रक कुणी चढवला?

क्लच दाबून दाबून दस्तगीरमामांचा डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांच्याच आग्रहावरून ट्रकला आपोआप गिअर बदलणारं यंत्र बसलं. मालक खानविलकरांना ते मुळीच पटलं नव्हतं. "फोंडा घाट चढून दाखव, नाहीतर घरी बस," असं म्हणत ते स्वतःच शेजारी येऊन बसले.

मागे चिऱ्यांचा पूर्ण भार होता. पहिल्याच खड्या वळणावर ट्रक मंदावला, इंजिनाचा सूर बदलला आणि कुणाचाही हात न लागता खालचा गिअर पडला. मामांच्या अंगावर काटा आला. सारा जन्म जे त्यांनी हातापायांनी केलं, ते हे यंत्र चढाव ओळखून आपलं आपण करत होतं. मालक मात्र दांडी घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते.

माथ्यावर पोचल्यावर त्यांना कंठ फुटला. "ट्रक तर यंत्रानंच चढवला. तू काय केलंस?"

"मालक, मघाशी वळणावर तुमच्या छातीचे ठोके आपोआपच वाढले ना?"

"वाढले की."

"मग घाबरलं ते काय दुसरंच कुणी?"

खानविलकर पोट धरून हसले. "मामा, बाकीच्या ट्रकांनाही हे बसवून घ्या. आणि गुडघ्यापायी मी घरी बसवलेली माणसं परत बोलवा."